हप्ता मुलाचा, कर्ज बाबांचे: मग करवजावट कोणाची?

हप्ता भरणाऱ्या एका मुलाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रिसोड तालुक्यातल्या गावात बाबांच्या नावावर घर बांधले. त्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेचे १४ लाखांचे गृहकर्ज, मुदत पंधरा वर्षे, व्याज ९ टक्के. कर्जदार बाबा. त्यांना शेतीशिवाय दुसरे उत्पन्न नाही, त्यामुळे १४,२०० रुपयांचा हप्ता मुलाच्या पगाराच्या खात्यातून दरमहा कटतो. मुलगा वाशिमला नोकरीला, वर्षाचा एकूण पगार साडेनऊ लाख, बँकेच्या कागदावर तो जामीनदार. कार्यालयातले लिपिक म्हणतात, "हप्ता कटल्याचे स्टेटमेंट जोडा, होऊन जाईल." तर मुलाला आयकरात कलम २४ची (व्याजाची) आणि ८०सीची (मुद्दलाची) वजावट मिळेल का?

तुम्ही दिलेल्या माहितीवर उत्तर: नाही, मिळणार नाही. पण विषय इथे संपत नाही. हा प्रश्न घेऊन येणारे बहुतेक जण ज्या वजावटीच्या मागे लागलेले असतात, तिची त्यांना गरजच नसते. ती गरज आहे का, हे आधी बघू. कागद बदलायचे की नाही, हे त्यानंतर.

आयकर कायद्यात घराची वजावट तीन गोष्टींवर उभी आहे: घर कोणाचे, कर्ज कोणी घेतले आणि पैसे कोणी भरले. तिन्ही ठिकाणी एकाच माणसाचे नाव लागते. व्याजाची वजावट, म्हणजे कलम २४(बी), ही 'घरापासूनचे उत्पन्न' या सदरातली आहे आणि त्या सदरात फक्त मालकाला प्रवेश असतो. मुद्दलाची वजावट ८०सीखाली मिळते. तिथे शब्द आहेत ते करदात्याने स्वतः घेतलेल्या कर्जाची परतफेड असे. घरही असे हवे की ज्याचे उत्पन्न त्याच्याच नावे धरले जाईल. तुमच्या बाबतीत तीनपैकी एकच गोष्ट जुळते, पैसे भरणे. बाकी दोन बाबांकडे आहेत. कायद्याच्या नजरेत तुम्ही दरमहा बाबांना मदत करता. बाबांना त्या पैशावर कर नाही, कारण मुलाकडून मिळालेली भेट करमुक्त आहे. तुम्हाला मात्र त्याबद्दल सूटही नाही.

(१ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू झाला आहे आणि कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत. ८०सीचे आता १२३ झाले. लोकांच्या तोंडी जुनेच क्रमांक आहेत म्हणून इथे तेच वापरतो. मालकी आणि कर्ज यांचे तत्त्व बदललेले नाही.)

जामीनदार आणि सहकर्जदार यांत इथे फार गोंधळ होतो. बँकेत दोघांच्याही सह्या घेतात, दोघांचेही फोटो लावतात, त्यामुळे घरी परतल्यावर प्रत्येकाला वाटते की आपण कर्जात आहोत. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराने हप्ते थकवले तर येते. त्याने कर्ज घेतलेले नसते. म्हणून पहिले काम हे करा: मंजुरीपत्र काढून बघा. त्यावर 'कर्जदार', 'सहकर्जदार', 'जामीनदार' अशा वेगळ्या ओळी असतात. ज्या बापाला शेतीशिवाय उत्पन्न नाही त्याला बँक पंधरा वर्षांचे कर्ज सहसा नोकरदार सहकर्जदाराशिवाय देत नाही, त्यामुळे तुमचे नाव सहकर्जदार म्हणून असण्याची शक्यता खरोखर आहे. दुसरा पुरावा म्हणजे बँक दरवर्षी देते ते व्याज प्रमाणपत्र. त्यावर खाते क्रमांक, कर्जदारांची नावे, घराचा पत्ता, वर्षभरातले व्याज आणि मुद्दल वेगवेगळे छापलेले असतात. नावांच्या ओळीत तुम्ही नसाल तर सहकर्जदाराचा प्रश्नच मिटला.

मालकीसाठी गावात काय बघायचे? गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ काढा. त्यात मालकाच्या नावाचा रकाना वेगळा आणि भोगवटा करणाऱ्याच्या नावाचा वेगळा असतो. बऱ्याच घरांत मुलाचे नाव भोगवटादाराच्या रकान्यात लावलेले असते आणि तो ते मालकीचे समजून चालतो. ते मालकी देत नाही. मुळात नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, हक्काचा दस्त नव्हे. त्यामुळे मालकाच्या रकान्यात नाव असले तरी त्यामागे खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र किंवा वारस नोंद असा काहीतरी आधार लागतो. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन तुमच्या गावात मिळकत पत्रिका मिळाल्या असतील तर ती बघा, तो नमुना आठपेक्षा भक्कम कागद आहे.

आता हिशेब. हा भाग सावकाश वाचा, कारण सगळा निर्णय यावर आहे.

१४ लाख, ९ टक्के, १५ वर्षे या कर्जात पहिल्या वर्षी तुम्ही एकूण १,७०,००० रुपयांच्या आसपास भरता. त्यात व्याज साधारण १,२४,००० आणि मुद्दल फक्त ४६,००० असते. समजा, घर आणि कर्ज दोन्ही तुमच्याच नावावर आहेत आणि वजावट पूर्ण मिळते. जुन्या करप्रणालीत, म्हणजे जिथे अशा वजावटी मिळतात, तुमचा हिशेब असा होईल: ९,५०,००० मधून मानक वजावट (पगारदाराला सरसकट मिळते ती) ५०,००० आणि व्यवसाय कर २,५०० गेले, उरले ८,९७,५००. ८०सीचे पूर्ण दीड लाख धरू. मुद्दलाचे ४६,००० त्यातच बसतात. एनपीएस (राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना) किंवा भविष्य निर्वाह निधी आणि विम्याने ही मर्यादा तशीही बहुतेकांची भरत आलेली असते. उरले ७,४७,५००. त्यातून व्याजाचे १,२४,००० काढले की करपात्र उत्पन्न ६,२३,५००. यावर कर ३७,२००, उपकर धरून ३८,६८८ रुपये.

आणि नवीन करप्रणालीत, जिथे दर कमी पण अशा वजावटी जवळजवळ नाहीत? ९,५०,००० वजा मानक वजावट ७५,०००, म्हणजे ८,७५,०००. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर कलम ८७एखाली करात पूर्ण सूट आहे. कर शून्य.

म्हणजे घराची एका रुपयाची वजावट न घेता शून्य, आणि सगळी वजावट घेऊन साडेअडतीस हजार. पगारदाराचा एकूण पगार १२,७५,००० पर्यंत असेल आणि दुसरे उत्पन्न नसेल, तर गृहकर्जाची वजावट त्याच्या कामाची नाही. गावाकडे नोकरी करणारे शिक्षक, ग्रामसेवक, तलाठी, बँकेतले लिपिक यांच्यातले बरेच जण या रेषेच्या आत आहेत. तरीही दर फेब्रुवारीत पगारपत्रकाला जोडायला बाबांच्या कर्जाचे स्टेटमेंट शोधत फिरतात, कारण दहा वर्षांपूर्वी सहकाऱ्याने तसे केले होते. तेव्हा ते बरोबर असेलही. आता दर बदलले आहेत.

पगार जास्त असेल तर? १६ लाखांचे उदाहरण घेऊ. नवीन प्रणालीत कर उपकरासह १,१३,१०० येतो. जुन्या प्रणालीत ८०सीचे दीड लाख आणि व्याजाचे १,२४,००० घेऊनही २,०२,३३२ येतो. जुनी प्रणाली बरोबरीला यायला मानक वजावट आणि व्यवसाय कर सोडून साधारण ५ लाख ६६ हजारांची वजावट लागते. व्याजाचे पूर्ण दोन लाख, ८०सीचे दीड लाख, एनपीएसचे जादा ५०,००० आणि वर भरपूर घरभाडे भत्ता असे सगळे एकत्र आले तरच ती भरते. नागपुरात भाड्याने राहणाऱ्या आणि गावी मोठे कर्ज फेडणाऱ्या माणसाच्या बाबतीत हे जमू शकते. तुमचा पगार तसा नाही, म्हणून तुमच्यापुरते उत्तर स्पष्ट आहे.

नवीन प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या व्याजाला काहीच वजावट नाही. घर भाड्याने दिले असेल तर भाड्यातून व्याज वजा होते, पण तोटा पगारातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही. शिवाय ते भाडे मालकाचे उत्पन्न असते, हप्ता भरणाऱ्याचे नव्हे.

ज्यांना जुनी प्रणाली खरोखर फायद्याची आहे, त्यांच्यासाठी आता कागदांचे पर्याय. परिस्थिती प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून प्रत्येक पर्यायात कुठे अडते तेही सांगतो.

कर्ज अजून घ्यायचे असेल तर सगळ्यात सोपे. बांधकामाआधीच प्लॉटमध्ये मुलाचा हिस्सा करा आणि दोघे मिळून सहमालक व सहकर्जदार म्हणून कर्ज घ्या. हिस्सा दस्तात स्पष्ट लिहा: अर्धा, एक तृतीयांश, जो असेल तो. मग प्रत्येक सहमालकाला आपापल्या हिश्श्याच्या प्रमाणात आणि स्वतः भरलेल्या रकमेपुरती वजावट मिळते, आणि राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांची मर्यादा प्रत्येकाला स्वतंत्र असते. ज्या आर्थिक वर्षात कर्ज घेतले त्याच्या अखेरीपासून पाच वर्षांत बांधकाम पूर्ण झाले पाहिजे, नाहीतर ही मर्यादा ३०,००० वर येते. गावात बांधकाम कापसाच्या पैशांवर टप्प्याटप्प्याने चालते, पाया एका वर्षी आणि स्लॅब तिसऱ्या वर्षी, म्हणून ही अट लक्षात ठेवाच. बांधकाम सुरू असतानाचे व्याज वाया जात नाही. घर पूर्ण झालेल्या वर्षापासून पाच समान भागांत ते घेता येते, पण त्याच दोन लाखांच्या आत.

घर बांधून झाले आहे, कर्ज चालू आहे आणि आता मुलाला मालकीत घ्यायचे असेल तर बक्षीसपत्र हा मार्ग सगळे सुचवतात. महाराष्ट्रात राहते घर किंवा शेतजमीन मुलगा, मुलगी, नातू, नात, पती-पत्नी यांना बक्षीस दिली तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. वर जिल्हा परिषदेचा किंवा इतर स्थानिक अधिभार किती लागेल ते दस्त करण्याआधी दुय्यम निबंधकांकडून लिहून घ्या, कारण बाहेरचे मध्यस्थ हा आकडा शेवटी सांगतात. घर बँकेकडे गहाण आहे, त्यामुळे बँकेचे ना-हरकत पत्र आधी लागते. त्याच वेळी बँकेला सहकर्जदार म्हणून नाव घालायला सांगावे लागते, आणि बऱ्याच बँका चालू कर्जात नाव घालण्याऐवजी नव्याने कर्जप्रकरण करायला सांगतात. तपासणी शुल्क, वकिलाचा अहवाल, नवे गहाण, सगळे पुन्हा.

एवढे करूनही एक कच्चा दुवा राहतो, आणि तो फार कोणी सांगत नाही. २४(बी)मध्ये व्याज अशा कर्जाचे लागते ज्या पैशाने घर घेतले किंवा बांधले. तुमच्या बाबतीत कर्ज बाबांनी घेतले, घर बाबांनी बांधले आणि तुम्हाला हिस्सा बक्षीस मिळाला. 'तुम्ही तर फुकट मिळवले, कर्जाने नाही,' असा आक्षेप अधिकारी घेऊ शकतो, आणि त्याला बिनतोड उत्तर देणे कठीण आहे. म्हणून फक्त करासाठी चालू कर्जात बक्षीसपत्र करा, असा सल्ला मी देत नाही. घर पुढे मुलाकडेच जायचे आहे, बाबांचे वय झाले आहे, भावाबहिणींशी बोलणे झाले आहे, अशा कारणांनी करत असाल तर जरूर करा. बहिणींना विचारल्याशिवाय तर अजिबात करू नका. वाडवडिलांच्या जागेवरचे घर असेल तर त्यात त्यांचाही हक्क असू शकतो, आणि काही हजारांच्या करासाठी झालेला दस्त पुढे दिवाणी न्यायालयात जातो.

उलट प्रकारही गावात फार दिसतो: प्लॉट बाबांचा, पण कर्ज मुलाच्या नावावर आणि बांधकामाचा खर्चही मुलाचा. इथे मुलाची बाजू बरीच बरी आहे. जमीन एकाची आणि तिच्यावरचे बांधकाम दुसऱ्याचे, हे कायद्याला मान्य आहे. मात्र ते कागदावर दिसले पाहिजे. बांधकाम परवानगीत मुलाचे नाव, सिमेंट-लोखंडाची बिले मुलाच्या नावाने, मिस्त्रीला दिलेले पैसे मुलाच्या खात्यातून, आणि 'माझ्या जागेवर मुलाने स्वतःच्या खर्चाने घर बांधावे, बांधकाम त्याच्या मालकीचे राहील' असे बाबांचे संमतीपत्र. ते बांधकामाआधीचे आणि शक्यतो नोंदणीकृत असावे. मागाहून केलेल्या संमतीपत्राला किंमत कमी.

कर्जाचा प्रकारही बघा. नोकरदारांच्या सहकारी पतसंस्थेकडून कर्ज काढून घर बांधण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. अशा कर्जाच्या व्याजाला २४(बी)ची वजावट चालते. तिथे कर्ज कोणाकडून घेतले याला महत्त्व नाही, नातेवाइकाकडून घेतलेलेसुद्धा चालते. दोन लाखांच्या मर्यादेसाठी कर्ज देणाऱ्याचे व्याज प्रमाणपत्र आणि पैसा घरातच लागल्याचा पुरावा मात्र हवा. मुद्दलाचे तसे नाही. ८०सीमध्ये ठरावीक कर्जदातेच चालतात: केंद्र वा राज्य सरकार, सहकारी बँकेसह बँका, एलआयसी, गृहवित्त कंपन्या, घरबांधणीला वित्तपुरवठा करणारी सहकारी संस्था, आणि काही प्रकारचे नियोक्ते. साधी पगारदार पतसंस्था त्यात बसत नाही. सोनेतारण कर्ज घरात घातले तर व्याज पुराव्यानिशी चालेल. पीककर्ज घरात घातले असेल तर तो पुरावा आयकर विभागाला दाखवायचा म्हणजे बँकेपुढे कर्जाचा गैरवापर कबूल करायचा, तेव्हा त्या वाटेला जाऊच नका. घर तारण ठेवून मुलीच्या लग्नासाठी काढलेल्या कर्जाला कसलीच वजावट नाही, तारण घराचे असले तरीही.

इथवरचे थोडक्यात: मालकी, कर्ज आणि भरणा एका नावावर असल्याशिवाय वजावट नाही. पगार पावणेतेरा लाखांच्या आत असेल तर वजावटीची गरज नाही. आणि चालू कर्जात मागाहून नाव घातले तर दावा कमजोर राहतो.

काही जण विचारतात की मुलाला नाही तर बाबांना तरी वजावट घेता येईल का. मालक आणि कर्जदार दोन्ही तेच आहेत, म्हणून हक्क त्यांचाच. पण तुमच्या बाबांचे उत्पन्न शेतीचे, आणि शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे. वजा कशातून करणार? बाबा निवृत्त कर्मचारी असते आणि निवृत्तिवेतन वर्षाला १२ लाखांच्या आत असते, तरी नवीन प्रणालीत त्यांचा कर शून्यच झाला असता.

वडिलांना भाडे देऊन घरभाडे भत्त्याची सूट घेण्याचा मार्गही कायदेशीर आहे, पण तो जुन्या प्रणालीतच चालतो आणि तुम्ही खरोखर त्या घरात राहत असाल तरच. तुम्ही राहता वाशिमला, घर रिसोड तालुक्यात. हे जुळत नाही. एका कागदावर एक पत्ता आणि दुसऱ्यावर दुसरा दाखवून अडचणीत येऊ नका. जो खरोखर वडिलांच्या घरात राहतो त्याने भाडेकरार करावा, भाडे दरमहा बँकेतून द्यावे आणि भाडे वर्षाला एक लाखाच्या वर गेले तर वडिलांचा पॅन द्यावा. सूट मोजताना मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त दिलेले भाडे, प्रत्यक्ष मिळालेला भत्ता आणि पगाराचे ४० टक्के, या तिघांतली सर्वांत कमी रक्कम धरतात.

लिपिकांच्या 'होऊन जाईल' बद्दल. कार्यालयाने फॉर्म १६ मध्ये, म्हणजे पगार आणि करकपातीच्या प्रमाणपत्रात, वजावट दिली म्हणजे आयकर विभागाने ती मान्य केली असे होत नाही. विवरणपत्र तुमचे, जबाबदारी तुमची. पूर्वी फक्त आकडा भरला की चालायचे. कर निर्धारण वर्ष (उत्पन्नाच्या वर्षानंतरचे वर्ष) २०२५-२६ पासून विवरणपत्रात कर्ज देणाऱ्याचे नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, मूळ रक्कम आणि शिल्लक मागतात. तिथे तुम्ही बाबांचा खाते क्रमांक टाकणार, आणि तो बँकेकडे दुसऱ्या पॅनला जोडलेला असणार. जुलै २०२५ मध्ये विभागाने खोट्या वजावटींच्या प्रकरणात देशभरात दीडशे ठिकाणी कारवाई केली, आणि त्यात रिटर्न भरून देणारे मध्यस्थही होते. चुकीची माहिती देऊन कर कमी दाखवला तर दंड त्या कराच्या २०० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, व्याज वेगळे. वजावट तुमची नसताना घ्यायची जोखीम, आणि तीही ज्या वर्षी कर शून्यच येतो त्या वर्षी, हे मला कुठल्याच बाजूने पटत नाही.

म्हणून यंदा कार्यालयाला नवीन प्रणालीच निवडल्याचे लेखी द्या आणि फॉर्म १२बीबीमध्ये, म्हणजे कार्यालयाला द्यायच्या वजावटींच्या निवेदनात, गृहकर्जाची ओळ कोरी सोडा. व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या पगारदाराला प्रणाली दरवर्षी बदलता येते. फक्त जुनी हवी असेल तर विवरणपत्र मुदतीत भरावे लागते.

हप्त्यासाठी एक सवय मात्र लावून घ्या. तो थेट तुमच्या खात्यातून बाबांच्या कर्ज खात्यात जाऊ द्या, रोख काढून भरू नका, आणि खाते उतारे जपून ठेवा. वजावटीला त्यांचा उपयोग नाही, पण उद्या भावंडांत हिस्सा ठरवताना हे घर कोणी फेडले याचा तोच पुरावा असेल.

आणि मागच्या एखाद्या वर्षी जुन्या प्रणालीत ही वजावट घेऊन झाली असेल, तर नोटिशीची वाट पाहू नका. मुदत शिल्लक असेल तर सुधारित विवरणपत्र भरा. ती संपली असेल तर अद्ययावत विवरणपत्र कर निर्धारण वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येते. पहिल्या बारा महिन्यांत भरले तर कर आणि व्याजावर २५ टक्के जादा द्यावे लागतात; पुढे ते ५०, ६० आणि ७० टक्के होत जातात. त्या वर्षीचा फॉर्म १६, भरलेले विवरणपत्र आणि बँकेचे व्याज प्रमाणपत्र घेऊन जवळच्या सीएकडे जा, आणि घर व कर्ज बाबांच्या नावावर आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.